उभ्या गाडीची बॅटरी

मुलगी परदेशी गेली तेव्हा मागे एक लोखंडी कपाट आणि एक हायब्रीड गाडी ठेवून गेली. कपाटाचं काही करावं लागत नव्हतं. गाडीचं तिने विमानतळावर, आत शिरता शिरता सांगितलं.

"बाबा, दर आठवड्याले अर्धा तास चालू करत जाजा. नुसती उभी राहिली तर हिची बॅटरी उतरते. दोनच वर्षांचा तर प्रश्न आहे."

ती दोन वर्षं मी घट्ट धरून ठेवली. ज्याला परत यायचं नसतं तो गाडी विकून जातो, असं माझं साधं गणित होतं. बायकोला मी ते कधी बोलून दाखवलं नाही आणि तिनेही कधी विचारलं नाही. आमच्या घरात मुलीच्या येण्याचा विषय निघाला की कुणीतरी उठून पाणी प्यायला जायचं.

बाकी मला बॅटरीचं शिकवणं म्हणजे जरा अतीच होतं. कोराडीच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये माझा जन्म गेला. अर्ध्या राज्याचे पंखे आमच्या जिवावर फिरायचे, असं मी पाहुण्यांना सांगायचो आणि पाहुणे कंटाळायचे. मात्र चारचाकी मी कधी चालवली नव्हती. मी स्कूटरचा माणूस.

दर रविवारी नाश्ता झाला की मी खाली जायचो. कव्हर काढायचं, काचेवरची धूळ पुसायची, उंदरांसाठी बॉनेटखाली ठेवलेल्या डांबराच्या गोळ्या आहेत का ते बघायचं आणि आत बसून बटण दाबायचं. पडदा उजळायचा, पंखा सुरू व्हायचा, रेडिओवर गाणी लागायची. इंजिनाचा आवाज यायचा नाही, पण हायब्रीड गाडी मुळी आवाजच करत नाही, हे मी शेजाऱ्यांना समजावून सांगितलेलं होतं. पडद्यावर इंग्रजीत एक सूचना यायची, ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबा म्हणून. गाडी कुठे न्यायचीच नाही तर ब्रेक कशाला? असल्या सूचना अडाण्यांसाठी असतात, असं माझं मत.

आणि चूक झाली ती माझ्या धंद्यामुळे झाली. आमच्याकडे लाइन चार्ज केली म्हणजे तिच्यात वीज सोडली. पॅनेलवर दिवा लागला की लाइन चार्ज झाली, आता तिच्याजवळ कुणी जायचं नाही. चार्ज होणे म्हणजे भरणे, हा अर्थ मला मोबाइलपुरताच ठाऊक होता. गाडीत समोर एवढे दिवे लागलेले बघून मी अर्धा तास निवांत बसायचो. हातून काहीतरी होतं आहे, असं वाटायचं.

बायको गॅलरीतून विचारायची, "अवो, तिथं एकटे बसून काय करून राहिले?"

"चार्ज करून राहिलो," मी म्हणायचो.

दोन वर्षं संपली. मुलगी म्हणाली, अजून एक वर्ष. मग तेही संपलं आणि त्यावर ती काहीच म्हणाली नाही. मी रविवार चुकवला नाही. उलट अर्ध्याचा पाऊण तास केला.

एप्रिलच्या सुरुवातीला एका रविवारी गाडीचं दारच उघडेना. रिमोटमध्ये लपवलेल्या किल्लीने कसंबसं उघडलं, तर आत सगळं काळं. बटण दाबलं, परत दाबलं. काही नाही. मला धास्ती गाडीची नव्हती. जाण्याआधी मुलीने फोनवरचं एक ॲप दाखवलं होतं. तिकडे बसून तिला गाडीची तब्येत दिसते म्हणे. म्हणजे तिला दिसलंच असणार. एक काम सांगितलं होतं बाबांना, तेही जमलं नाही, असंच तिला वाटणार. आणि इथे आता ठेवलेलं काही शाबूत नाही, असंही.

पुढचे तीन आठवडे फोनवर मी फक्त उन्हाबद्दल आणि कूलरच्या पंपाबद्दल बोललो. तीही गाडीचं काही बोलली नाही. बापाला लाज वाटू नये म्हणून बोलत नसेल, असं समजून मला भरून यायचं.

शेवटी ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलं. माझ्याच वयाचा होता. सगळं ऐकून घेतल्यावर तो हसला नाही, याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

"भाऊ, गाडी तं कधी चालूच नाही झाली. ब्रेक न दाबता नुसतं बटन दाबलं की फक्त दिवे लागतात. तुमी भरून नाही, दर आठवड्याले बॅटरी उतरवून राहिले होते. हायब्रीडची मोठी बॅटरी ह्या छोटीले थोडं थोडं देत राहिली असन, म्हणूनच इतके दिवस टिकली."

त्याने छोटी बॅटरी नवी बसवली आणि मला ब्रेकवर पाय ठेवायला लावून बटण दाबायला सांगितलं. समोर हिरव्या अक्षरांत 'रेडी' उमटलं. थोड्या वेळाने इंजिन आपोआप घुरघुरलं. बायको गॅलरीत आली.

"आज काहून आवाज करून राहिली गाडी?"

इतक्या वर्षांत तिने तो आवाज प्रथमच ऐकला होता. मी मान खाली घातली.

त्या संध्याकाळी मी मुलीला फोन लावला आणि कबूल केलं. "गाडी बंद पडली होती. तुले दिसलंच असेल."

"कुठं?"

"त्या ॲपवर."

"अच्छा, ते? ते तर मी कधीच काढून टाकलं, बाबा. फोन बदलला तेव्हाच." मग ती म्हणाली, "एक सांगाचं होतं. मी इकडे घर विकत घेऊन राहिली. गाडी विकून टाका. उगाच तुमच्या जिवाले त्रास."

"नवी बॅटरी आहे. लवकर जाईल," मी म्हणालो. घर कसं आहे, हे विचारलं नाही.

फोन ठेवला तेव्हा बायको दारात उभी होती. तिला एकाच बाजूचं बोलणं ऐकू आलं होतं.

"काय म्हणत होती?"

"गाडीचं बोलत होती."

तिचा चेहरा उजळला. "गाडीचं बोलते म्हंजे येतेच ती."

मी नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मुलीला आवडतात म्हणून कुरडयांचे गहू भिजत घातले. ते तीन दिवस भिजवावे लागतात. गाडी बघायला माणूस तिसऱ्याच दिवशी येणार होता, आणि ते मी तिला सांगितलं नव्हतं.