नंबर जुळत होते

मसलकाकांना त्यांच्या मुलाने फसवलं. फसवणारा म्हणून नाव मात्र माझं झालं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी काकांविषयी लिहिणार आहे, आणि लिहिता लिहिता माझा आवाज चढला तर तो कोणावर चढलाय हे वाचणाऱ्याला माहीत असावं.

काका अंगाने अगदी काडी. शर्टाच्या कॉलरमध्ये त्यांची मान सैल फिरायची. तरी इथल्या मराठी मंडळातली पोरं त्यांना 'मसल अंकल' म्हणायची, कारण त्यांच्या गॅरेजमध्ये साठच्या दशकातली, दोन दारांची, गर्द हिरवी, दांडग्या इंजिनाची मसल कार होती. मोठ्यांनी त्याचं मसलकाका केलं. इथे अमेरिकेत, नेपरव्हिलमध्ये, आम्हा सगळ्यांच्या दारात एकाच छापाच्या करड्या गाड्या. काकांची गाडी वळणावर यायच्या आधी तिचा आवाज यायचा आणि गणपतीच्या आरतीत उभी असलेली माणसं माना वळवायची. काका रस्ते खात्यात इंजिनिअर होते. हयातभर त्यांनी हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकायचे आदेश काढले आणि मिठाने पत्रा गंजतो म्हणून स्वतःच्या गाडीला मिठाचा कण लागू दिला नाही. ऑक्टोबरअखेर हॅलोविन झाला की गाडी गॅरेजमध्ये. वसंतातल्या दोन-तीन दणदणीत पावसांनी रस्ता धुऊन काढला, की ते खाली बसून डांबरावरून बोट फिरवायचे, बोट चाटायचे, आणि मगच गाडी बाहेर.

हिवाळ्यात ते दर रविवारी गॅरेजचं दार उघडून, कानटोपी घालून गाडीत बसायचे आणि इंजिन चालू ठेवायचे. जायचं कुठेच नाही. आतून नलूकाकू भिंतीवर थापा मारायच्या. "अहो, धूर घरात येतोय!"

"धूर काय म्हणतेस, तिचा श्वास आहे तो!"

"मग तिलाच करू दे तुमचा स्वयंपाक!"

मी इचलकरंजीत मामाच्या स्पेअर पार्टच्या दुकानात वाढलो. इथे पेट्रोल पंपावर गल्ला सांभाळला, मग भंगारातल्या गाड्या सोडवल्या, मग जुन्या गाड्यांच्या पार्टांचं स्वतःचं दुकान टाकलं. मी भाव करणारा माणूस आहे. समोरचा उठून जाईपर्यंत मी भाव करतो आणि तो दारातून परत फिरतो तेव्हा पुन्हा करतो. चिवट म्हणा, कवडीचुंबक म्हणा, ऐकून घेईन. पण माझ्याकडून खोटा माल गेला, असं म्हणणारा माणूस या देशात नव्हता. भाव कडक, माल चोख. याच्याइतकं मी दुसरं काही कमावलेलं नाही.

काकांना भाव करता येत नसे. नुसता येत नसे असं नाही, ते दुसऱ्याचाही बिघडवायचे. उन्हाळ्यात मैदानांवर जुन्या पार्टांचे बाजार भरतात, तिथे मी त्यांना घेऊन जायचो. मी एखाद्या म्हाताऱ्या अमेरिकनाला घोळवून घोळवून खाली आणलेलं असायचं, आणि काका हातातला कार्ब्युरेटर उलटसुलट करत मोठ्यांदा इंग्रजीत म्हणायचे, "वा! असा पीस आता मिळत नाही हो!" म्हातारा लगेच छाती पुढे काढायचा. मी मराठीत शिव्या घालायचो. काका म्हणायचे, "शेठ, त्याने इतकी वर्षं जपलाय. निदान एक चांगला शब्द तरी घेऊन जाऊ दे घरी." मला शेठ फक्त तेच म्हणायचे. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मला टोमणा वाटला असता.

त्यांचं एक दुखणं होतं, गाडीच्या मागच्या अॅक्सलचं, म्हणजे मागच्या चाकांच्या आसाचं. इंजिन दांडगं, पण डिफरन्शियलमध्ये क्राऊन-पिनियन या दातेरी चाकांची जी जोडी कारखान्यातून आली होती ती हायवेवर निवांत पळायची. सिग्नलवरून निघताना गाडी आळस देत उठायची. "पैलवान आहे, आणि त्याला कारकुनाची नोकरी दिलीय," असं काका म्हणायचे. जोडी बदलली, तर इंजिन तेवढ्याच वेगाला जास्त फिरतं, हायवेवर जरा आरडाओरडा करतं, पण सिग्नल सुटताच गाडी झेप घेते. काकांना ती झेप हवी होती. "एकदा माझी पाठ सीटला चिकटली पाहिजे," एवढंच त्यांचं मागणं. ते मागणं घराच्या छपराच्या मागे गेलं, मुलाच्या, निखिलच्या, कॉलेजच्या मागे गेलं, मुलीच्या लग्नाच्या मागे गेलं. कधी तक्रार केली नाही. नवी जोडी बसवली की स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो हे मी सांगितलं तर खूश झाले. "म्हणजे सत्तर दाखवेल आणि प्रत्यक्षात साठसुद्धा नसेल? मग बसव रे, नलूला घाबरवायला बरं."

नलूकाकू गेल्या आणि घाबरायला कोणी उरलं नाही. त्या वसंतात डांबर चाटून झाल्यावर काका माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "शेठ, आता माझी पाळी."

हवी ती जोडी मला इंडियानातल्या एका बाजारात सापडली. जुनी पण न वापरलेली, मूळ खोक्यात, तेलकट कागदात. या दोन चाकांचं एक असतं, की कारखान्यात ती एकमेकांवर घासून बसवतात आणि दोघांवर एकच नंबर कोरतात. एका जोडीचं क्राऊन आणि दुसरीचं पिनियन एकत्र घातलं तर गाडी आधी रडते आणि मग दात तोडते. म्हणून मी कोणाचाही शब्द घेत नाही. मी कागद सोडवला, काकांनी चष्मा पुसला, आधी क्राऊनवरचा नंबर वाचला, मग पिनियनवरचा. दोन्ही वेळा मोठ्याने, शाळेत हजेरी घेतात तसे. विकणारा हसायला लागला. काका त्याला म्हणाले, "यांची पत्रिका जुळते!" आणि मग त्याला पत्रिका म्हणजे काय ते समजावत बसले, तेवढ्यात मी भाव आणखी खाली आणला. त्यांच्याबरोबरचा माझा तो सगळ्यात चांगला दिवस.

निखिल तो राहतो त्या सांता क्लाराहून आला तो त्याच महिन्यात. वाईट मुलगा नाही, हे मला लिहावं लागतंय. काका मंदिरात जायला निघून भलत्याच गावात पोचले होते. शेजाऱ्याची पत्रपेटी त्यांनी आडवी केली होती. डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हणून सांगितलं होतं. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा निखिल एवढंच म्हणाला, "बाबा, या वयात तुम्ही जॅक लावून गाडीखाली जाऊ नका. माझ्या ओळखीचं शॉप आहे, मी गिअर बसवून आणतो. माझ्याकडून गिफ्ट." मी माझा मेकॅनिक सुचवला. तो म्हणाला, "नको काका, ऑलरेडी अरेंज केलंय." ट्रक आला, गाडी वर चढवली, खोकं मागच्या सीटवर ठेवलं. काका ट्रकवाल्याला सांगत होते, "हळू ने रे." मराठीत.

मग पार्टची वाट बघणं सुरू झालं. निखिल सांगायचा, आज एक बेअरिंग यायचंय, उद्या सील यायचंय. काका आधी मला फोन करायचे. "शेठ, इतका वेळ लागतो का रे?" मी म्हणायचो, लागू नये, पण बघतो. मग त्यांचे फोन थांबले. मी केले तर उचलेनात.

दिवाळीच्या कार्यक्रमात, शाळेच्या हॉलमध्ये, फराळाच्या रांगेत ते माझ्यासमोर आले. हातात कागदी प्लेट.

"शेठ, तू मला फसवलंस."

मला वाटलं थट्टा आहे. "काय झालं काका?"

"जोडीचे नंबर जुळत नाहीत. शॉपवाल्याने सांगितलं. निखिलने सांगितलं. माझ्या गाडीचं अॅक्सल उघडं पडलंय तुझ्यामुळे."

"अहो काका, नंबर तुम्ही स्वतः वाचलेत! मोठ्याने वाचलेत!"

"मी?" त्यांनी माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं. "मी कधी वाचले?"

रांगेत मागे कोणीतरी म्हणालं, "बिझनेसमन तो, शेवटी धंदाच करणार." मी वळून त्याला काय काय बोललो ते इथे छापता येणार नाही. बायका मुलांना घेऊन बाजूला झाल्या. मी जितका ओरडलो तितका लोकांच्या नजरेत चोर ठरत गेलो. निखिल चार पावलांवर होता. तो चकलीचे तुकडे करत राहिला.

मी निखिलच्या ओळखीच्या त्या शॉपचा पत्ता काढला आणि गेलो. तिथे गाडी आलीच नव्हती. ट्रकवाल्याला शोधून विचारलं, तर ट्रक थेट गिऱ्हाइकाकडे गेला होता. गाडी विकली होती, खोक्यासकट. मी दुकानाच्या मागे उभा राहून निखिलला फोन लावला.

"काका, प्लीज समजून घ्या. बाबा वॉज नॉट सेफ."

"मग तसं सांगायचं. किल्ली काढून घ्यायची. मी येऊन उभा राहिलो असतो तुझ्या बाजूने."

"सांगितलं होतं. ते रडले. दुसऱ्या दिवशी विसरले आणि परत किल्ली मागायला लागले. रोज कोण रडवणार त्यांना?"

ते मी समजू शकतो. मी दगड नाही. "पण माझं नाव का घेतलंस?"

तो म्हणाला, "ते रोज विचारायचे, का होत नाही, का होत नाही. तुमचं नाव... सॉरी काका, ते पटण्यासारखं होतं."

पटण्यासारखं होतं. मी फोन ठेवला. माझी आयुष्यभराची घासाघीस त्याने एका वाक्यात माझ्यावर उलटवली होती.

खरं सांगायचंच असं ठरवून मी काकांकडे गेलो. बाहेर बर्फ साचलं होतं. दार त्यांना सांभाळायला ठेवलेल्या बाईने उघडलं. काका कानटोपी घालून रिकाम्या गॅरेजमध्ये बसले होते, घडीच्या खुर्चीवर, दार वर करून. गाडीची जागा सोडून, भिंतीला लागून.

"आलास? दुसरी जोडी आणलीस का?"

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. 'काका, गाडी निखिलने विकली.' एवढंच बोलायचं होतं. बोललो असतो तर मी सुटलो असतो आणि त्यांच्याकडे मुलगाही उरला नसता. निखिल दर शनिवारी व्हिडिओ कॉल करायचा, आणि त्या कॉलसाठी काका शुक्रवारी दाढी करायचे, हे दार उघडताना त्या बाईनेच मला सांगितलं होतं.

"चूक झाली काका," मी म्हणालो. "बदलून देतो."

"नंबर बघून दे."

"बघून देतो."

"माझा तुझ्यावर विश्वास होता रे," ते म्हणाले. शेठ म्हणाले नाहीत. मला बस म्हणाले नाहीत. मी निघालो.

रस्त्यावरचं मीठ धुऊन निघायच्या आधी काका गेले. प्रार्थनेच्या दिवशी निखिल फार चांगलं बोलला. वडिलांचं गाडीवरचं प्रेम, त्यांचा साधेपणा, लोकांवर पटकन विश्वास ठेवण्याचा त्यांचा स्वभाव. विश्वास म्हणताना हॉलमधल्या दोन-चार डोक्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी वाट बघितली. आता बोलेल, आता तर ऐकून दुखावणारा कोणी उरला नाही. तो आभार मानून खाली बसला. बाहेर पार्किंगमध्ये त्याने माझा हात दाबला आणि म्हणाला, "थँक्स काका, फॉर एव्हरीथिंग."

निखिल, मंडळाचा हा अंक तुझ्याही घरी येतो. गाडी विकलीस, ठीक केलंस. खोटं बोललास, तेही एकवेळ ठीक. मीसुद्धा बोललो त्यांच्याशी. पण तुझे वडील शेवटचे काही महिने एका माणसावर चिडून जगले. तो राग तुझ्या वाट्याचा होता. तो मी घेतला, कारण ते जिवंत होते. आता ते नाहीत. ज्या हॉलमध्ये दिवाळीला तू गप्प राहिलास त्याच हॉलमध्ये, त्याच माणसांसमोर, उभा राहून सांग की शेठने फसवलं नव्हतं. नाहीतर एवढं तरी सांग, की किती दिवस मी तुझ्या जागी उभं राहायचं?