सगुणाचं गाऱ्हाणं

अंजनवेलच्या किल्ल्यासमोरून जाणारं प्रत्येक मोठं जहाज सगुणा बघून घ्यायची. गॅसच्या प्रकल्पाकडे येणारी ती जहाजं कुठली, कुणाची, याच्याशी तिला काही घेणं नव्हतं. आपला सुजय त्यांतल्या एकाही जहाजावर असणार नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. तरी जवळा वाळत घालता घालता तिचे हात थांबायचे, आणि जहाज दिसेनासं झालं की मगच ती पुन्हा वाकायची.

ही गोष्ट २०२२ सालच्या शिमग्याची. दोन मुलींच्या पाठीवर झालेला तिचा सुजय खलाशी म्हणून पहिल्यांदाच मोठ्या जहाजावर गेला होता. त्याचा बाप गुणाजी जन्मभर मासेमारीच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य होता. आता गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे पडवीत बसून दुसऱ्यांची जाळी सांधून देई. मुलाला मच्छीमारीत घालायचं नाही, हे नवराबायकोचं एकमतानं ठरलेलं. मचवा नको म्हणून जहाज दिलं, आणि जहाज नेमकं युक्रेनमधल्या एका नदीच्या बंदरात गहू भरायला लागलं असताना रशियाचं सैन्य त्या देशात शिरलं. नदीच्या तोंडाशी सुरुंग पेरले गेले. आत होती ती जहाजं आतच राहिली.

बंदराचं नाव सगुणाला नीट घेता येत नसे. पण तिथल्या खाणावळीच्या तळघराची सगळी हकिकत तिला तोंडपाठ झाली होती. धमाके सुरू झाले की जहाजावरची सगळी पोरं धावत त्या तळघरात जात. खाणावळीत स्वयंपाक करणारी हान्ना नावाची बाई त्यांना पांघरुणं देई, बिटाचं लाल सार गरम करून वाढी. तिचा मुलगा आंद्री लढायला गेला होता.

"आये, ती बाय पहिली ताटली मलाच देते," सुजयनं एकदा फोनवर सांगितलं होतं. "तिचा पोर माझ्याच वयाचा हाय."

त्या रात्री सगुणानं देवापुढे दिवा लावताना दोन नावं घेतली. का घेतली, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंही नाही.

फोन रोज यायचा असं नव्हतं. मग ती फोनमध्ये मुलाच्या नावावर बोट ठेवून तो तिथे शेवटचा कधी दिसला होता ते बघत बसायची. वाचायला तिला जेमतेमच यायचं, पण घड्याळाचे आकडे कळत. जवळ्याचे हात पदराला पुसायचे, फोन उघडायचा, आकडा तोच आहे हे बघायचं आणि परत कनवटीला लावायचा, असं दिवसभर चाले. फोनलाही सुक्या मासळीचा वास लागला होता.

लढाईची बाकी सगळी खबर वाडीत आणायचा तो दीपक. हा गुणाजीचा पुतण्या. चिपळूणला मासळी नेणारा टेम्पो चालवी. संध्याकाळी तो पडवीत येऊन बसला की पाचदहा माणसं जमत आणि त्याच्या फोनवरचं युद्ध सुरू होई. कधी रणगाड्यांना फुलं देणारे लोक दिसत, कधी एकट्यानं ढीगभर विमानं पाडणारा कुणी वैमानिक. खरं-खोटं दोन्ही बाजूंनी चाललं होतं. पण वाडीत जास्त यायचं ते एकाच बाजूचं, कारण त्याला खणखणीत हिंदी आवाज दिलेला असे आणि मागे ढोल वाजत. शिरणारे शिरले नाहीतच, ते सोडवायला आले आहेत. लोक आनंदानं नाचताहेत. आठवड्यात सगळं आटोपेल. आणि आपला झेंडा दिसला की दोन्हीकडच्या तोफा थांबतात, हेही त्यातलंच.

एकदा दीपकनं पेटतं जहाज दाखवलं. खाली लिहिलं होतं की त्याच बंदरातलं, आपल्या पोरांचं. सगुणा त्या दिवशी पाण्याचा घोटही न घेता बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सुजयचा निरोप आला: आपलं जहाज निळं आहे, ते लाल होतं, आणि कुठलं ते देव जाणे. दीपक ओशाळला, पण दोन दिवसच.

गुणाजी भोळा नव्हता. दर्यावर आयुष्य काढलेला माणूस ऐकीव गोष्टीवर होडी लोटत नाही. पण बुडणारा माणूस हाताला आलेलं फळकूट पारखून घेत नाही. जे बलाढ्य आहेत ते लवकर जिंकले तर लढाई लवकर संपेल, सुरुंग काढतील, पोरगा घरी येईल, असा त्याचा सरळ हिशेब होता. त्या हिशेबाला जोडलेलं जे जे काही फोनवर दिसे, ते तो खरं मानू लागला.

"आपण परकी माणसं. आपल्या देशानं मधे पडूच नये, आणि आपणही," तो म्हणाला. "कुणाची जमीन कुणाकडे गेली, आपलं काय गेलं?"

सगुणा भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता त्याला एका जुन्या गोष्टीची आठवण करून दिली. लांबच्या बंदरातले मोठे ट्रॉलर हद्द सोडून काठाजवळ आले होते आणि वाडीची जाळी फाडून गेले होते. वाडीतल्यांनी आधी दगड मारले, अशी आवई त्यांच्या लोकांनी उठवली. खाडीपलीकडच्या गावांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण त्यांतल्या एकानंही साक्ष दिली नाही. त्यांची मासळी त्याच ट्रॉलरवाल्यांच्या बर्फात जायची. सगळे म्हणाले, आम्ही मधे पडत नाही. तेव्हा गुणाजी महिनाभर जेवताना त्या गावांच्या नावानं बोटं मोडत होता.

"तेव्हा आपला पोर कुणाच्या तळघरात नव्हता," गुणाजी म्हणाला.

तिला मुलगा हवा होता. सकाळी डोळे उघडण्याच्या आधीपासून हवा असायचा.

शिमग्यात ग्रामदेवीची पालखी घरोघर येते. अंगणात पालखी टेकली की वाडीतला मानकरी त्या घराचं गाऱ्हाणं देवीला घालतो: काय अडलं आहे, काय हवं आहे, सगळं मोठ्यानं. दर वाक्याला जमलेली माणसं "होय म्हाराजा" म्हणतात. त्या वाडीची आणखी एक रीत अशी, की शेवटचं 'होय' घरच्या बाईनं म्हणायचं आणि मग ओटी भरायची. ते आल्याशिवाय पालखी उचलत नाहीत. आजवर ते कधी अडलं नव्हतं, त्यामुळे ती रीत आहे हेसुद्धा कुणाच्या ध्यानात नसे.

गाऱ्हाणं घालायला लवू होता. पांढऱ्या मिशांचा, आवाजाचा पक्का. काय मागायचं ते गुणाजीनं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. सगुणाला कुणी विचारलं नव्हतं. पोराच्या आईला विचारायचं काय?

दुपारची वेळ. ढोल थांबले. ताटात नारळ, खण, तांदूळ घेऊन सगुणा उंबऱ्याशी उभी राहिली. लवूनं हात जोडून सुरुवात केली.

"हे माये, गावच्या रखवाले, आज ह्या गुणाजीचा पोर परमुलखात लढाईत अडकलाय."

"होय म्हाराजा."

"त्याच्या जिवाला काही इजा होऊ देऊ नकोस."

"होय म्हाराजा." यात सगुणाचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

"जे बळानं मोठे हायत त्यांना लौकर यश दे, समोरच्यांना गुडघ्यावर आण, लढाई संपव, आणि पोराला सुखरूप घरी घेऊन ये."

"होय म्हाराजा," माणसं म्हणाली आणि सगळ्यांनी सगुणाकडे पाहिलं.

सगुणा काही बोलली नाही. आधी वाटलं तिला हुंदका आला असेल. पालखीचे भोई दांड्याला हात लावून ताटकळले. त्यातला एक हळूच म्हणाला की अजून चौदा घरं हायत आणि देवीला उन्हं लागतायत. कुणी हसलं, पण ते हसू पुढे गेलं नाही.

"सगुणा, होय म्हण गो," लवू म्हणाला.

"मला नाय म्हणता येत, लवूदादा."

"अगो, पोर नको तुला?"

"हवाय. नको कशी म्हणेन? पण ज्या बाईच्या घरात माझा पोर जेवतो, तिच्याच पोराला गुडघ्यावर आण, असं देवीला कसं सांगू? तिनं ऐकलं तर?"

गुणाजी खाली बघत होता. दीपक म्हणाला की काकी, तुम्हाला तिकडचं राजकारण माहीत नाय. सगुणानं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

लवूपुढे मोठा पेच होता. तोंडातून गेलेलं गाऱ्हाणं परत घेता येत नाही. त्याच्या बापाच्या वेळीही कुणी घेतलं नव्हतं. त्यानं पालखीतल्या रुप्यांकडे, देवीच्या चांदीच्या मुखवट्यांकडे पाहिलं, मिशी चाचपली, आणि विचारलं, "मग काय घालू? तूच सांग."

"जो दुसऱ्याच्या घरात शिरलाय त्याला बाहेर होण्याची बुद्धी दे म्हणावं. बाकीच्यांना, बघत उभे हायत त्यांना, खरं बोलायचा धीर दे. आणि माझा सुजय न् तिचा आंद्री, दोघं आपापल्या घरी येऊ देत."

लवूनं ते तसंच घातलं. आंद्रीचं नाव घेताना तो अडखळला, पण घेतलं. या वेळचं 'होय म्हाराजा' विरळ होतं. गुणाजीचा आवाज त्यात नव्हता. सगुणानं आपलं 'होय' म्हटलं, ओटी भरली आणि पालखी उचलली गेली.

"चार माणसांत मला मान खाली घालायला लावलीस," गुणाजी रात्री म्हणाला. त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही.

आणि सुजयचा फोन यायचा बंद झाला. फोनमधला तो आकडा हलेना. खळ्यावर जवळा पसरताना बायका तिच्यासमोर गप्प होत आणि ती पाठमोरी झाली की बोलत. काय बोलत असतील ते तिला ऐकायची गरज नव्हती. तेच ती स्वतःशी बोलत होती. एक 'होय' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? हान्ना कुठे ऐकायला आली होती?

पालखी अजून सहाणेवर, गावातल्या तिच्या मुक्कामाच्या चौथऱ्यावर होती. एका सकाळी मासळीची पाटी घरात टेकवून सगुणा एकटीच तिथे गेली. तेव्हा म्हटलं नाही ते आता म्हणून टाकू, असं ठरवूनच गेली. सहाणेसमोर उभी राहिली, पदर पसरला. सुजयचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला गेली तर तो काही केल्या पुरता येईना. कान आले, हनुवटीवरचा तीळ आला, बाकी येईना. रडत रडत ती फक्त "माझा पोर, माझा पोर" एवढंच म्हणत राहिली. दुसरं वाक्य तोंडातून आलं नाही.

परतली तेव्हा गुणाजी पडवीत जाळं घेऊन बसला होता. ती कुठे गेली होती हे त्यानं ओळखलं होतं.

"म्हणालीस?"

"नाय."

त्यानं हातातली गाठ ओढून घट्ट केली. मग म्हणाला, "मी गेलो असतो तर म्हणालो असतो." आणि जाळं सरकवून त्यानं तिला बसायला जागा केली.

पाडव्यानंतर फोन वाजला. सुजय सरहद्द ओलांडून शेजारच्या देशात पोचला होता. कंपनीनं बस धाडली होती. टॉवर बंद पडल्यामुळे इतके दिवस कुणालाच फोन लागत नव्हता. बसला आपला झेंडा बांधला होता का, असं दीपकनं विचारलं. बांधला होता, सुजय म्हणाला. तोफा काही थांबल्या नाहीत, ड्रायव्हरच थांबत थांबत गेला. दीपकनं फुलांचं विचारलं. "फुलं कसली? बर्फ होता रं," सुजय म्हणाला. सगळी वाडी आनंदात होती. काहींनी ते पहिल्या गाऱ्हाण्याचं फळ म्हटलं, काहींनी दुसऱ्याचं. लवूला विचारलं तर तो म्हणाला, बसच्या ड्रायव्हरचं.

सुजय घरी आला तो रोडावून. सगुणानं त्याला डोळे भरून पाहिलं, तरी तिचं पोट भरेना. तो मागच्या दारी गेला तरी ती उठून बघून येई. दुसऱ्या दिवशी तो जेवायला बसला असताना तिनं हान्नाला फोन लावायला सांगितलं.

पडद्यावर बाई दिसली ती सगुणाच्या कल्पनेपेक्षा लहान चणीची होती, डोक्याला रुमाल बांधलेली. मागे तळघराची भिंत. सुजयनं मोडक्यातोडक्या भाषेत आंद्रीचं विचारलं. तिनं मान हलवली. खबर नव्हती, वाईट नाही, चांगलीही नाही, काहीच नव्हती. शिमग्याच्या आधीपासून नव्हती.

सगुणाला त्या बाईचं बोट हातातल्या दुसऱ्या फोनवर वरखाली होताना दिसलं. शेवटचा आकडा बघणाऱ्या बोटाची ती चाल तिच्या ओळखीची होती. तिला एकदम आपल्या मुलाची लाज वाटली, त्याच्या समोरच्या भाताची, त्याच्या जिवंत खांद्यांची. तिनं सुजयच्या हातातून फोन घेतला आणि पोर तिला दिसणार नाही असा आपल्याकडे वळवला.

हान्ना काहीतरी म्हणाली. सगुणाला शब्द कळला नाही. ती पुन्हा म्हणाली, आणि हातानं खूण केली: तिकडे वळव, त्याला दाखव.

सगुणानं फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. सुजयला म्हणाली, "जेव. तुला बघतेय ती." सुजयनं घास घेतला. दोघी त्याला जेवताना बघत राहिल्या.