केरसुणीचं कोडं

आमच्या घरात मुलांनी घातलेलं कोडं मोठ्यांनी सोडवायचं नसतं. हा नियम कुणी कुणाला शिकवत नाही, तो अंगवळणीच पडतो.

काल आम्ही सगळे मटार सोलत बसलो होतो. नवा जावई तेवढा पाहुण्यासारखा खुर्चीवर. माझ्या छोट्या नातीनं त्यालाच गाठलं. “काका, ओळखा! दिवसभर कोपऱ्यात उभी, सकाळी घरभर फिरते.”

“केरसुणी!” त्यानं पटकन सांगून टाकलं.

पोरीचा चेहरा उतरला. आमचे हात थांबले.

त्यानं एकदा सगळ्यांकडे पाहिलं. “छे, केरसुणी कशी असेल? तिला पाय कुठे असतात?” तो डोकं खाजवू लागला. “मांजर? की तुझी आजी?”

“हरलो म्हणा!” नात आनंदानं ओरडली.

“हरलो बाई.”

मग तिनं उत्तर सांगितलं आणि त्यानं ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं.

कोडं घालणाऱ्याला उत्तर नकोच असतं, ते त्याच्याजवळ असतंच. त्याला हवं असतं ते ऐकणारं माणूस. माझ्या लेकीनं असं माणूस बरोबर शोधलंय.

मी मटारची पिशवी जावयाच्या पुढ्यात सरकवली. पाहुण्याला कुणी कामाला लावत नाही.