राईतले दुकान आणि हनीफभाईंची काठी

हनीफभाई गेल्याचे मला त्यांच्या धाकट्या मुलीने, नसरीनने, फोनवर सांगितले. पहाटे झोपेतच गेले, दुपारी दफन झाले. एवढे सांगून ती थांबली आणि म्हणाली, "काका, त्यांची काठी तुम्हाला द्यायला सांगून ठेवलंय. कुरिअरनं पाठवू?" मी पत्ता दिला. मग तिने सहज विचारले, "ते कुवेतचं दुकान बंद का झालं हो? अब्बा कधी बोलले नाहीत." मालकाचा मुलगा गेला म्हणून, असे मी सांगितले. ते खरे होते, पण अर्धेच.

नव्वदच्या दशकात आणि पुढची काही वर्षे मी कुवेतमध्ये एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो. आठवड्यातून एकदा मोटारींचे पान माझ्याकडे असे. त्यासाठी मजकूर शोधत मी राई भागातल्या बू सालेमच्या गॅरेजमध्ये गेलो आणि मग जातच राहिलो. हनीफभाई त्याला दुकान म्हणत. दोन शटरचा गाळा, आत ऑइलचा आणि रबराचा वास, भिंतीवर टांगलेले स्पॅनर, पुढे वाळूने मळलेली मोकळी जागा. साधी गाडी तिथे दुरुस्तीला घेत नसत. शर्यतीच्या गाड्यांची इंजिने उघडायची, त्यांना टर्बो बसवायचे, पुन्हा बांधायची, एवढेच काम. बू सालेम म्हणजे सालेमचे वडील. तिकडे बापाला थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात. मालकाचे खरे नाव माझ्या फार उशिरा ऐकण्यात आले.

हनीफभाई रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे. मच्छीमार ट्रॉलरची डिझेल इंजिने दुरुस्त करत शिकले आणि येताना गावाहून उंडीच्या लाकडाची हातभर काठी घेऊन आले. होड्या बांधतात ते हे लाकूड. काठीचे एक टोक चालू इंजिनाला टेकवायचे, दुसरे कानाला, आणि डोळे मिटायचे. आत कुठला व्हॉल्व्ह उशिरा बसतो, कुठल्या बेअरिंगला तेल कमी पडते, हे ते त्यावरून सांगत आणि इंजिन उघडल्यावर तसेच निघे. आजूबाजूच्या गॅरेजांत संगणक आले तरी बू सालेमने तो घेतला नाही. "मेरा कंप्यूटर रत्नागिरी से आया," असे तो गिऱ्हाइकांना मोडक्या हिंदीत सांगे. दुकानाचा एक नियम होता. हनीफभाईंनी काठी लावून "खलास" म्हटल्याशिवाय, म्हणजे काम पुरे झाले असे म्हटल्याशिवाय, गाडी शटरबाहेर जात नसे. सालेमसुद्धा त्याला अपवाद नव्हता. तो विशीतला होता, अधीर होता, पण हनीफभाईंसमोर उभा राहून विचारी, "हनीफ, क्या बोलता है गाडी?" ते डोळे न उघडता म्हणत, "बोलता है, सालेम को बोलो चुप बैठो." एकदा मी काठी मागून घेतली, कानाला लावली. मला एक अखंड घरघर ऐकू आली. "काय ऐकू येतंय, पेपरवाले?" मी खरे ते सांगितले. ते हसले. "तुमचा कान म्हणजे नुसता चष्मा अडकवायला."

नव्या शतकाची दोन-तीन वर्षे उलटली तेव्हा काठीच्या एका टोकावर मला वण दिसले. आधी वाटले, कुठेतरी पकडीत सापडली असेल. पुढे एका शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, मी न कळवता गेलो. हनीफभाई एकटेच होते आणि काठीचे टोक दातांत घट्ट धरून इंजिनावर वाकले होते. मी मागून तीन वेळा हाक मारली. चौथ्यांदा खांद्यावर हात ठेवला तेव्हा ते दचकले. डावा कान पूर्ण गेला होता, उजवा जात होता. इतकी वर्षे सायलेन्सर नसलेल्या इंजिनांजवळ उभे राहून दुसरे काय होणार होते... हादरा हाडातून कळतो, असे ते म्हणाले. जाड आवाज दातांत येतो. बारीक येतो का, असे मी विचारले. त्यांनी काठीचे टोक बाहीला पुसले. "दोन वर्षं, पेपरवाले. नसरीनचं कॉलेज होऊ दे. मग मीच सांगेन बू सालेमला." मी गप्प राहायचे कबूल केले.

त्यांनी कामाची पद्धत बदलली नाही, फक्त काठी लावायच्या वेळी सगळ्यांना काही ना काही निमित्ताने बाहेर पाठवू लागले. मला पाठवत नसत. त्यामुळे सालेमच्या नव्या इंजिनाला त्यांनी काठी लावली तेव्हा मी तिथे होतो. इंजिन वाढत्या वेगावर होते. त्या गर्जनेखाली मला एक बारीक किणकिण ऐकू आली, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी. मी त्यांच्या उजव्या कानाशी ओरडून विचारले, "हा आवाज कसला?" काठी दातांतून काढून ते म्हणाले, "काय नाय, बाहेरचा कुठला पत्रा असंल." मी आणखी काही विचारले नाही. चष्मा अडकवायच्या कानाने अशा माणसाला काय सांगायचे, असे मला वाटले. सालेम बाहेर उभा होता. हनीफभाईंनी हात वर केला आणि म्हणाले, "खलास."

पुढे वाळवंटातल्या वफ्राच्या रस्त्यावर ती गाडी उलटली. सालेम जागीच गेला. पोलिसांच्या पत्रकावरून बातमी मीच केली. चार ओळींची. भरधाव गाडीवरील ताबा सुटून तरुणाचा मृत्यू. त्यात चुकीचा एकही शब्द नव्हता.

गाडीचा सांगाडा दुकानात आला तेव्हा हनीफभाईंनी इंजिन एकट्याने उघडले आणि मला बोलावून घेतले. तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन वितळून चिकटला होता. इंजिन वेगात जाम झाले होते, मागची चाकेही. "तुमाला ऐकू आलेलं ते हे," ते म्हणाले. तो पिस्टन बू सालेमला दाखवायचा म्हणून फडक्यात गुंडाळून ते माझ्याबरोबर त्याच्या घरी गेले. मयताच्या घरी तीन दिवस लोक भेटायला येतात. दिवाणखान्यात पुरुषांची रांग होती, बिनसाखरेची कॉफी फिरत होती. बू सालेमने हनीफभाईंचा हात दोन्ही हातांत धरला आणि हळू आवाजात म्हणाला, "हनीफ, तुम्हारा काम बराबर था. लडका जल्दी में था." हनीफभाईंनी छातीवर हात ठेवून मान झुकवली. मागच्या माणसांनी आम्हाला पुढे सरकवले.

गाडीत बसल्यावर त्यांनी विचारले, "काय बोलला तो?" मी सांगितले. "परत सांगा." मी उजव्या कानाशी, एकेक शब्द सुटा करून सांगितले. फडके त्यांच्या मांडीवर होते. "मला वाटलं, बोल लावला. म्हंजे त्याला माहीतच नाय," ते म्हणाले. "गाडी फिरवा, पेपरवाले. त्याला सांगतो." मला ड्यूटी गाठायची होती. उद्या जाऊ, असे मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. महिन्याभरात बू सालेमने शटर ओढले. हनीफभाईंनी स्वतःहून व्हिसा रद्द करून घेतला आणि ते गावी परतले. नसरीनचे कॉलेज राहिले ते राहिलेच.

पुढे मीही परतलो. मी त्यांना गावी दोनदा भेटलो. दुसऱ्या भेटीत ते पूर्ण बहिरे होते, पाटीवर लिहून बोलावे लागे. बू सालेम वारल्याचे मी पाटीवर लिहिले. ते वाचून त्यांनी हाताने पाटी पुसली. "लोक त्याला शेवटपर्यंत बू सालेमच म्हणत असतील," एवढेच म्हणाले. निघताना दारापर्यंत आले. "मी गेल्यावर खरं काय झालं ते लिवा. माझं नाव घालून लिवा." मी पाटी मागितली आणि लिहिले, माझेही घालतो. त्यांनी ते वाचले की नाही, मला कळले नाही. त्यांची नजरही कमी झाली होती.

हा मजकूर मी छापायला देण्याआधी नसरीनला पाठवला. आठ दिवस तिचा फोन आला नाही. मग आला. "छापा," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

काठी आता माझ्या टेबलावर आहे. एक टोक काळे, गुळगुळीत. दुसऱ्यावर दातांचे वण, वरचे खोल, खालचे उथळ. काल मी ती फ्रिजला टेकवून कानाला लावली. मोटर, पंखा, मागच्या नळीतून जाणारा गॅस... सगळे वेगवेगळे, स्वच्छ ऐकू आले. माझ्या कानात तेव्हाही काही दोष नव्हता.