मायचे मांडे

माय गेली त्याला यंदा वर्ष झालं. वर्षश्राद्धाला आम्ही सगळे धुळ्याला भावाकडे जमलो होतो. जेवणं आटोपल्यावर भावाच्या मुलानं टीव्हीवर एक व्हिडिओ लावला. माय खापरावर मांडे करतेय, असा. तो मीच काढलेला होता, पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, आणि कॅमेऱ्याचं कार्ड तेव्हापासून भावाकडेच पडलं होतं. वर्षभर मी त्याचीच वाट बघत होते, कारण मायचा आवाज आमच्याकडे तेवढ्या एकाच ठिकाणी आहे.

आणि आवाजाच्या जागी काय? बासरी!

चुलीपुढे माय बसलीय, हात चालताहेत, ओठ हलताहेत, आणि वरून हॉटेलात वाजते तसली बासरी. माझं डोकंच फिरलं.

"अरे, आजीचा आवाज कुठंय?"

"आत्या, आवाज खराब आला होता. नुसती खरखर."

"असू दे खरखर! तुला कुणी सांगितलं पुसायला?"

"नंतर बोलू ना आत्या, पाहुणे बसलेत."

भाऊ मधे पडला. "अक्का, जाऊ दे ना. पोरानं हौसेनं केलं."

हौस म्हणे! मला कारण दिसत होतं ना. भाचा बँकेत साहेब, त्याची मुलं इंग्रजी शाळेत, घरात अहिराणीचा शब्द नाही, 'आहे'ला 'शे' म्हणणं तर लांबच. मी पाहुण्यांसमोरच म्हटलं, "आजी शे-शे करते म्हणून लाज वाटली ना रे तुला?" त्यानं मान खाली घातली.  मला वाटलं, पकडला चोर.

आता तो व्हिडिओ मी काढला कसा, ते ऐका. आमचे हे रिटायर झाले तेव्हा ऑफिसातल्या लोकांनी त्यांना डिजिटल कॅमेरा दिला. फोटोचा, खिशात मावेल एवढा. ह्यांनी तो कपाटात ठेवला. मी बाहेर काढला. सातवी शिकलेली बाई मी, पण वरची चकती फिरवून फिरवून सगळी चित्रं बघितली. एक चित्र होतं सिनेमाच्या कॅमेऱ्याचं. त्यावर चकती आणली की फोटोचा कॅमेरा व्हिडिओ काढतो, हे माझं मी शोधलं. कुणी शिकवलं नाही. चालू असताना झूम होत नाही, जवळ जायचं तर आपणच उठून जायचं, हेही.

मग ठरवलं, मायचे मांडे घ्यायचे. मांडे म्हणजे आमच्याकडची पुरणपोळी. ती लाटायची नाही. दोन्ही हातांवर फिरवत फिरवत केळीच्या पानासारखी पसरवायची आणि उपड्या खापरावर टाकायची. मला काही ते आलं नाही, पोळी कोपरापर्यंत जाऊन फाटते. फोटो कितीही काढा, फोटोत हात थांबलेला दिसतो. हात फिरतो कसा, ते पाहिजे होतं.

नरडाण्याजवळ आमचं माहेर. गेले, कॅमेरा काढला, तर माय पदर डोक्यावर घेऊन ताठ! श्वास रोखून. "हलजो नको म्हनस ना फोटोवाला," म्हणाली. मी हसत म्हटलं, "माय, हाऊ फोटो नही, यामा हात हालस." तिला ते काही पटेना. पण पीठ हातात आल्यावर विसरली. एवढं मला आठवत होतं. पुढचं नाही.

भाच्याच्या मी मागेच लागले. मूळचा व्हिडिओ दे, नाहीतर मी तुझ्या दारात पाय ठेवत नाही. शेवटी त्यानं पेनड्राइव्ह दिला. म्हणाला, "आत्या, एकटी असताना ऐक." मला त्याचाही राग आला. एकटी का? माझी माय काय शिव्या देत होती?

जळगावला घरी आले, दुपारी ह्यांना बाहेर पाठवलं आणि लावला.

आधी चुलीची फडफड. मग लांबून मायचा आवाज, विहिरीतून आल्यासारखा. "पोयी बठ्ठी हातवरच करानी शे, पाटवर नही. पहिले हात..."

आणि तिच्यावर एक बाई ओरडली. खणखणीत, अगदी कानात.

"आई, तसं नको ना बोलू! 'शे' नको, 'आहे' म्हण. मुंबईच्या सुनेला दाखवायचंय, तिला काय कळणार? नीट मराठीत बोल!"

ती बाई मी.

फोटोच्या कॅमेऱ्याचा माइक म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढं भोक. कॅमेरा माझ्या तोंडासमोर, माय चार हात लांब. त्यानं माझंच सगळं घेतलं. आणि 'आई'? जन्मात कधी तिला मी आई म्हटलं नव्हतं. कॅमेरा चालू झाला आणि माझी माय एकदम आई झाली!

कुठून आलं हे, तेही मला माहीत आहे. लग्न होऊन जळगावात आले, पहिल्याच दिवशी नळावर विचारलं, "पानी शे का?" बायका इतक्या हसल्या की पुढं महिनाभर मला 'शे वहिनी' म्हणत. त्या दिवसापासून मी माझी जीभ तासली. माझी तासली ती तासली, चुलीपाशी बसलेल्या म्हातारीची कशाला तासायला गेले? आज त्या नळावरच्या बायांचाही राग येतो, पण त्या काही माझ्या हातातला कॅमेरा धरायला आल्या नव्हत्या.

व्हिडिओत माय कॅमेऱ्याकडे बघते. म्हणते, "मंग मी बोलूच नको का?" आणि गप्प होते. कार्ड भरेपर्यंत, चार मिनिटं, एक शब्द नाही. टीव्हीवर ओठ हलताना दिसले होते ते एवढ्याच दोन-तीन वाक्यांपुरते.

भाच्याला फोन केला. त्याला वाटलं मी रडतेय. रडत नव्हते, संतापानं आवाज फुटत होता.

"आत्या, तुझा आवाज कापू का? आजीचं तेवढं ठेवतो."

"काही कापू नको. बासरी काढ आणि आहे तसा सगळ्यांना पाठव. मुंबईच्या सुनेलाही."

त्यानं पाठवला. संध्याकाळी सुनेचा फोन. बिचारी चांगल्या मनानं विचारत होती, "आई, मी चारदा पाहिला. 'पहिले हात' म्हणतात, ते कळलं. पण पहिले हात काय करायचे?"

काय सांगू तिला? मायचे हात दिसतात, पोळी हातावर मोठी होताना दिसते. पहिले हात काय करायचे, तेच ती सांगत होती आणि तेवढ्यात मी बोलले.