करुणाच्या बाबांना दिलेलं निमंत्रण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्यालाही नाही. आणि करुणाला — तिला तर कसं सांगणार?

आमगावच्या कॉलेजात आम्ही शेवटच्या वर्षाला होतो. विड्यांसाठी तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायांच्या पाठदुखीवर करुणाने आणि मी मिळून अभ्यास केला होता, तो कॉलेजच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर मांडायचा होता. सर म्हणाले, मोबाईलवर निरोप टाकून कोणी येत नाही, त्या बायांना आणि पालकांना घरोघरी जाऊन सांगा. स्कूटी माझ्याकडे होती, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

त्याच आठवड्यात माझ्या मनात संशय शिरला. करुणा सरांशी हळू आवाजात बोलायची आणि मी आले की दोघं गप्प. का? माझं नाव काढून टाकत होती का? बाया तिच्याशीच मोकळ्या बोलल्या होत्या, हे खरं. पण लिहिलं तर मी होतं ना! ती हसली तरी मला वाटायचं — माझ्यावर हसतेय.

आणि अशात तीच मला म्हणाली, "दरेकशाले जाऊन बाबाले तूच सांग न वं. माझं आयकत नाही तो. पुढं शिकू नको म्हणून राहिला. एकदा मले बोलताना पाहीन, तं मानन."

मी तिच्या गावी गेले. जंगलातल्या रस्त्यानेही डोक्यात तेच — एवढा मोठा दिवस तिचाच का व्हावा?

तिचे बाबा अंगणात खाट विणत होते. मी कार्यक्रमाचं सांगितलं. त्यांनी दोरी खाली ठेवली. चेहरा असा उजळला! मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "आमच्यासारख्यानं आलं तं चालते का बाई तिथं?"

ते काय विचारत होते, मला नीट कळलं होतं. आमच्या घरी करुणा आली की आई तिचा कप वेगळा ठेवायची — मी दर वेळी बघायचे आणि गप्प राहायचे. "चालते की, या," एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले —

"मोठी मोठी माणसं येणार आहेत, काका. तुम्हाला अवघडल्यासारखं होईल."

"बरं," म्हणाले. मला पाणी दिलं.

करुणाला मी सांगितलं, येतो म्हणाले.

कार्यक्रमात ती उभी राहिली, आधी माझं नाव घेतलं, मग बोलली. बोलताना सारखी दाराकडे पाहत होती. सरांशी कुजबुज कसली, तेही त्या दिवशी कळलं — तुम्ही माझ्या बाबाले फोन करा, म्हणून ती त्यांना विनवत होती.

पुढचं शिक्षण तिने भांडून, घर सोडून, गोंदियात राहून केलं. आज तिथेच नोकरी करते. बापाशी कामापुरतंच बोलते. "येतो म्हणून सांगून आला नाही," फोनवर अजून म्हणते. "तू तरी गेली होती न वं माझ्यासाठी."

तिच्या बाबांनी तिला काहीच सांगितलं नाही. मैत्रीण अशी बोलली, हे मुलीला कळू नये म्हणून? की मुलीलाच आपली लाज वाटते, तिनेच माझ्या तोंडून तसा निरोप पाठवला, असं समजले? हे दुसरं असेल तर — मी तिथे विचार थांबवते.

तिचा फोन आला की आधी आवाज निरखते. कळलं असेल का? नसतं कळलेलं. ती बोलत राहते, बापाला नावं ठेवते, आणि मी हूं हूं करते.