काकूंचा नंबर

जेसल पार्कमधल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका रविवारी सकाळी ऑफिसात बसून कॉम्प्युटरवर रहिवाशांची यादी करायचे. आधी विंगचा नंबर, त्याखाली फ्लॅटचा, त्याखाली माणसाचा. दोन, मग दोन पॉइंट सात, मग दोन पॉइंट सात पॉइंट एक. सगळं एका बोटाने. दहावा फ्लॅट आला की एक्सेल शेवटचं शून्य खाऊन टाकायचं. "दहाव्याला पहिला करतंय बघ," म्हणत ते नंबराआधी एक छोटी खूण टाकून शून्य परत आणायचे. चिडायचे नाहीत. त्यांना घाई कसलीच नसायची.

मला बघवेना. एकदा म्हटलं, "काका, फॉर्म्युला टाकून देतो, नंबर आपोआप पडतील."

"टाक ना, बरं होईल."

मी नाव नसलेल्या ओळी उडवल्या आणि फॉर्म्युला खाली ओढला. काकांनी माउस घेतला आणि थेट स्वतःच्या फ्लॅटवर गेले.

"इथे माझ्याखाली एक ओळ होती."

"नाव नव्हतं काका, म्हणून काढली."

"नाव मी काढलंय. नंबर कुठे काढलाय?"

काकू वर्षभरापूर्वी माहेरी गेल्या होत्या. बिल्डिंगमध्ये कोणी विचारत नसे.

त्यांनी नवी ओळ घातली आणि एका बोटाने नंबर टाइप केला, दोन पॉइंट सात पॉइंट दोन. नावाची जागा रिकामीच ठेवली. मग फाइल सेव्ह केली, आणि माझ्याकडे न बघता पुन्हा एकदा सेव्ह केली.